भाऊ पॅरोलवर घरी येतोय

पत्र आलं आहे फोंडा तालुक्यातून, चाळिशीतल्या एका बहिणीचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. धाकटा भाऊ आठ वर्षं कोलवाळच्या तुरुंगात आहे. दारूच्या नशेत भाटाच्या (बागायतीच्या) सीमेवरून भांडण झालं, त्यात शेजारचा माणूस गेला, जन्मठेप लागली. तुरुंगात असताना त्याला दोनदा बांबोळीच्या सरकारी मानसोपचार रुग्णालयात (आयपीएचबी) न्यावं लागलं. बायपोलरचं निदान झालं (मन कधी अति उसळतं, कधी पार खचतं, असा आजार), त्यावर लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षांपूर्वी पॅरोलवर आला तेव्हा पाचव्या दिवशी प्यायला, गोळ्या सोडल्या, शेवटच्या तीन रात्री झोपला नाही, आणि परत हजर व्हायला एक दिवस उशीर झाला. त्यानंतरचा अर्ज नामंजूर झाला. आता चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) थोडं आधी तो महिन्याभरासाठी पुन्हा येणार आहे. डिचोलीकडच्या मूळ घरी म्हातारी आई एकटी असते, पण त्याच वाड्यावर मयताचं कुटुंब राहतं. त्यामुळे तो बहिणीकडे उतरणार. तिच्या यजमानांना हे पसंत नाही. घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे. बहीण विचारते: त्याला महिनाभर घराबाहेर सोडूच नको का? गोळ्या जेवणातून देऊ का? आई म्हणते देवीसमोर शपथ घालूया आणि एखादी मुलगी बघूया, लग्न ठरलं की सुधारेल. ती एक खेप सोडली तर आठ वर्षं दारूचा थेंब नाही, म्हणजे सवय तुटलीच ना? आणि या खेपेला प्यायला, तर मीच कमी पडले असं होईल ना?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे त्यातूनच आलेले दिसतात. तो प्यायला तर चूक तुमची नसेल. पत्रभर तुम्ही एकट्याच दिसता. त्याला आणणार तुम्ही, गोळ्या देणार तुम्ही, रात्री जागणार तुम्ही, दाराला कडी घालणार तुम्ही. तुरुंगात हीच कामं पहारेकरी, डॉक्टर, कंपाउंडर आणि ठरलेल्या वेळेची घंटा अशी मिळून होतात. ती सगळी एका बाईने महिनाभर उचलायची म्हटलं, तर पाच-सहा दिवसांत काहीतरी हातून सुटणारच. मागच्या वेळी तेच झालं. म्हणून या वेळी त्याच्यावर नजर कशी ठेवायची याचा घोर थोडा बाजूला ठेवा. तुरुंगात चाललेला उपचार एकही दिवस न तुटता बाहेर कसा चालू राहील, ते बघा. आणि हे काम तो दारात येण्याच्या आधीच सुरू करायचं आहे.

तुरुंगात इतकी वर्षं दारू नाही, म्हणजे सवय तुटली, असं खूप घरांना वाटतं. तुरुंगात त्याने दारू सोडलेली नाही, त्याला ती मिळाली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. राग आला, झोप लागेना, कोणी टोमणा मारला, तर दारूशिवाय काय करायचं, हे त्याला बाहेरच शिकावं लागणार, आणि बाहेर म्हणजे आपल्या गोव्यात, जिथे वाड्यावाड्याला बार आहे. वरून एक धोका नवाच असतो. इतक्या वर्षांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जेवढी पचायची तेवढीच आता घेतली, तर ती भलतीच चढते.

ब्राउन शुगर किंवा तत्सम नशा करणाऱ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट जिवावर बेतते. हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठी मुद्दाम सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातला मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळपास तेरापट होता, आणि नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका शंभरपटीहून जास्त. तो देश वेगळा, तिथली नशा वेगळी, पण शरीर सगळीकडे सारखंच वागतं. घरचा माणूस अशा नशेतून गेलेला असेल, तर पहिला पंधरवडा त्याला एकटा झोपू देऊ नका. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले, हाक मारूनही जाग येईना, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांसाठी अमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ कलम आहे. स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. आधी वकिलाशी बोला. पॅरोलवरच्या माणसाने तर जरूरच बोलावं.

आता तुमच्या तयारीकडे येते. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा डब्याबरोबर एक अर्ज न्या, तुरुंग अधीक्षकांच्या नावाने. त्यात दोन गोष्टी मागा. सुटण्याच्या दिवशी त्याच्या उपचाराच्या कागदांची प्रत मिळावी, आणि निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या हातात मिळाव्यात. अर्जावर भावाची सही घ्या, कारण ते कागद त्याचे आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्याला स्वतःच्या उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क देतो. माणूस कैदी आहे म्हणून तो हक्क संपत नाही. या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणारे मनाचे विकारही येतात. त्यामुळे 'आधी दारू सोडव, मग डोक्याचं बघू' असं कुणी तुम्हाला परतवलं, तर ऐकून घेऊ नका. दोन्ही एकाच वेळी, एकाच डॉक्टरच्या नजरेखाली बघायला हवं. आजार उसळला की तो पितो, प्यायला की गोळ्या सोडतो, गोळ्या सोडल्या की आजार उसळतो. तुमच्याकडे मागच्या खेपेला हाच क्रम होता. पत्रात तुम्ही तो तारखांसकट लिहिला आहे, फक्त त्याला 'त्याची बुद्धी फिरली' म्हटलं आहे.

गोळ्या मिळतात तेव्हा बहुतेकदा कापलेल्या पट्ट्या मिळतात. नाव अर्धं कापून गेलेलं, मात्रेचा आकडा दुसऱ्याच तुकड्यावर राहिलेला. घरी आल्यावर ही कुठली आणि ती कुठली, हे कुणालाच कळत नाही. त्यामुळे तिथल्या तिथे, देणाऱ्यासमोरच, प्रत्येक पुडीवर नाव, मात्रा आणि वेळ पेनाने लिहून घ्या.

याच कायद्यात आणखी एक सोय आहे. आपल्या वतीने उपचाराविषयी बोलायला कोण, हे माणूस साध्या कागदावर लिहून सही करून ठरवू शकतो. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो बरा असताना, शांत असताना हा कागद करून घ्या. नाव तुमचंच असायला हवं असं नाही. त्याचा विश्वास असलेला एखादा मावसभाऊही चालेल. तो बिथरला, तर दवाखान्यात कुणाचं ऐकायचं यावरून दारात भांडण होत नाही.

सुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत बांबोळीला जा. आयपीएचबीची ओपीडी त्याला माहीत आहे, त्याचे जुने कागदही तिथेच असतील. शक्य तर सुटण्याआधीच तिथे जाऊन 'अमुक तारखेला येतोय' असं सांगून ठेवा. लिथियमवर असलेल्या माणसाच्या रक्तातली त्याची पातळी तपासावी लागते, आणि रक्त साधारण आदल्या मात्रेनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळी, त्या दिवशीची गोळी न घेता जायचं. हे माहीत नसलं की फेरी फुकट जाते.

लिथियमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरी यावरूनच गैरसमज होण्याची भीती आहे. या औषधाची पातळी रक्तात वाढली, तर हात जोरात थरथरतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते, उलट्या-जुलाब होतात. बघणाऱ्याला वाटतं, हा पिऊन आलाय. घरात संशय आधीच असतो, त्यात हे दिसलं की शिव्या सुरू होतात आणि माणूस खोलीत कोंडला जातो. त्याला त्या वेळी दवाखान्याची गरज असते. तोंडाला वास नसेल आणि चाल लडखडत असेल, तर ताबडतोब न्या. तसाही दोन्हीतला फरक घरी ठरवत बसू नये. उन्हात राबून घाम गेला, जुलाब लागले, पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून घेतली, तरी पातळी चढू शकते. त्याने श्रावणी सोमवार किंवा चवथीतला उपास धरायचा म्हटलं तर धरू दे, पण पाणी आणि मीठ बंद करायचं नाही.

आता जेवणातून गोळ्या देण्याबद्दल. देऊ नका. तुमची अगतिकता कळते, पण लपवून दिलेल्या औषधाची मात्रा राहत नाही. अर्धी आमटी ताटात उरली, तर किती पोटात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि लिथियमसारख्या औषधात उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नसतं. 'त्याला न कळवता दारू सोडवा' अशा जाहिरातींची पूड तर मुळीच आणू नका. तशा पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. आणि ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं जेवणार नाही. त्यापेक्षा ठरवून घ्या: रात्री जेवण झाल्यावर गोळी त्यानेच काढायची, सगळ्यांसमोर घ्यायची, आणि कॅलेंडरवर त्यानेच खूण करायची. त्याने नको म्हटलं, तर का नको ते विचारा. बहुतेकदा कारण साधं असतं, हात थरथरतो किंवा सतत तहान लागते. ते डॉक्टरांना सांगून मात्रा बदलता येते.

यजमानांच्या नाराजीबद्दल तुम्ही चार ओळींत लिहिलं आहे आणि चारही ओळींत राग आहे. मला त्यांची बाजूही दिसते. घरात तरुण मुलगी आहे आणि येणारा माणूस खून करून गेलेला आहे. 'तुमच्याच माणसांचं तुम्हाला पडलेलं असतं' यावर गाडी येण्याआधी त्यांना एकदा नीट विचारा की नेमकी भीती कशाची वाटते. मुलीलाही विचारा. तिला मामाबद्दल काय आठवतं, काय ऐकलंय, रात्री तिच्या खोलीला आतून कडी हवी का, हे तिच्या तोंडून येऊ दे. कुणालाच झेपत नसेल, तर पर्याय आहेत. आई काही दिवस तुमच्याकडे येऊ शकते. पहिले काही दिवस उपचारासाठी दाखल होणं योग्य ठरेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. त्याचं पॅरोल ज्या पत्त्यावर मंजूर झालंय तो बदलायचा झाला, तर मात्र लेखी परवानगी घेऊनच. आणि तुम्हाला 'नाही' म्हणायचा अधिकार आहे. घर देणं जमलं नाही, तरी दर आठवड्याला त्याच्याबरोबर बांबोळीला जाणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

तुम्ही ओझरतं लिहिलंत की यजमान संध्याकाळी घरीच दोन पेग घेतात. ताई, त्या महिन्यात ती बाटली घरात नको. हे भावाकडून मागण्याआधी यजमानांकडून मागावं लागेल. त्यांनी हो म्हटलं, तर ते या घरातले त्याचे पहिले सोबती होतील. त्यांना स्वतःलाच ते जड जात असेल, तर त्यांच्यासाठीही मदत आहे. 'सांगात' या गोव्यातल्या संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून पिणाऱ्या पुरुषांशी थोड्या भेटींत बोलण्याची पद्धत तपासून पाहिली होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. अशी मदत मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, न मिळालेल्यांत २६ टक्के. हे पूर्ण अधीन न झालेल्या माणसांसाठी होतं. तुमच्या भावाला एवढं पुरणार नाही. पण यजमानांना, किंवा भावकीतल्या त्या सगळ्यांना जे 'आम्ही कुठे पितो, थोडीशीच' म्हणतात, नक्की पुरू शकतं.

त्याला घराबाहेर सोडूच नये, हे मला पटत नाही. आठ वर्षं कोंडलेल्या माणसाला तुम्ही पुन्हा कोंडलंत, तर तो कौलं काढूनही जाईल, आणि त्या वेळी सोबत कुणी नसेल. सकाळी बागेत काम, शिंपणं, बाजारात तुमच्याबरोबर जाणं, ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, बैठक. या बैठका गोव्यात बऱ्याच ठिकाणी होतात, फुकट असतात आणि तिथे कुणी आडनाव विचारत नाही. तुमच्यासारख्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं. हातात एकदम मोठी रक्कम देऊ नका. पण बसच्या तिकिटालाही तुमच्यापुढे हात पसरावा लागेल, अशी वेळही आणू नका. रोजची थोडी रक्कम आधीच ठरवा.

चवथीचं मात्र नीट बघा. माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायला, आरतीला, घुमट वाजवायला तो असू दे. त्याला माणसांत बसायची भूक असेल. रात्री पत्ते मांडले जातात आणि मागच्या दारी बाटल्या उघडतात, तेव्हा त्याने तिथे असू नये. तो उठेल तेव्हा कुणीतरी एक जण त्याच्याबरोबर उठेल, हे आधीच ठरवा. चवथीला मूळ घरी न्यायचं की नाही, यावर तुमच्यात वाद आहे. नेऊ नये, असं मला वाटतं. त्या वाड्यावर ज्यांचा माणूस गेला, त्यांच्या घरीही चवथ असते, आणि सणाच्या दिवशी त्याला समोर बघण्याची सक्ती त्यांच्यावर का व्हावी? त्याला माफी मागायची इच्छा आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती इच्छा त्याच्या डॉक्टरांपुढे, समुपदेशकापुढे बोलू दे. भेटायचं की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचं आहे, आणि त्यांनी बोलावलं नाही तर जायचं नाही.

आईला दुखवू नका. देवीचा कौल घेऊ दे, गाऱ्हाणं घालू दे. फक्त त्याला सगळ्यांसमोर शपथ घालायला लावू नका. शपथ मोडली की माणूस प्यायल्यापेक्षा शपथ मोडल्याच्या लाजेने जास्त लपतो. आणि लपला की गोळ्या, दवाखाना, तुम्ही, सगळंच सुटतं. त्यापेक्षा त्याला एवढंच सांगा, 'प्यायलास तर त्याच रात्री मला सांग, मी सकाळी तुला बांबोळीला नेईन.' लग्नाचा विषय तर बंदच करा. जन्मठेप भोगत असलेल्या, आजारी, महिन्याभराने परत जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात एका मुलीचं आयुष्य बांधणं हा उपचार नाही. तिच्यावर तो अन्याय होईल.

प्यायलाच, तर त्या रात्री भांडण नको, हिशेब नको. कुशीवर झोपवा, झोपेची गोळी देऊ नका, मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जा. हात उगारला तर ११२ ला फोन करा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. आठवडाभर रोज पीत राहिला असेल, तर घरच्या घरी एकदम तोडायला लावू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. दवाखान्यातच थांबवावी लागते.

दारूच्याही आधी झोप बघा. तीन-चार तासांतच उठतोय, तरी दमलेला नाही, बोलणं भरभर झालंय, मोठमोठे बेत करतोय, असं दोन रात्री दिसलं की तिसऱ्या रात्रीची वाट बघू नका. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

सगळ्यात जपायचे ते शेवटचे चार-पाच दिवस. मागच्या खेपेला तुम्ही ते 'जाताना नाटकं केली' असं लिहिलंय. मला त्यात भीती दिसते. परत त्या फाटकातून आत जायचं, या विचाराने माणूस पळून जातो, पितो, किंवा जीव द्यायचा विचार करतो. त्याला सरळ विचारा, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. शेवटच्या आठवड्यात बांबोळीची एक भेट आधीच ठरवून ठेवा. तो खरंच आजारी पडला आणि दाखल व्हावं लागलं, तर मुदत संपायच्या आधी दवाखान्याच्या दाखल्यासह तुरुंग प्रशासनाला लेखी कळवा आणि मुदतवाढ मागा. पोचपावती घ्या. न कळवता एक दिवसही घरी ठेवणं म्हणजे पुढचे सगळे अर्ज धोक्यात घालणं, हे तुम्ही भोगलंच आहे. वकिलाचे पैसे नसले, तरी तुरुंगातल्या माणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, १५१०० वर विचारा. भाऊ जर म्हणत असेल की हा महिना शिक्षेतून वजा होतो, तर त्याला आधीच समजवा. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका प्रकरणात सांगितलं की मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस धरले जाणार नाहीत. हे त्याला परतायच्या आदल्या दिवशी कुणा दुसऱ्याकडून कळू नये.

परत जाताना महिन्याभरातल्या चिठ्ठ्या, रक्ताचा रिपोर्ट आणि उरलेल्या गोळ्या एका पाकिटात घालून तुरुंगातल्या डॉक्टरांकडे पोचतील असं बघा. एक झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. तो या काळात प्यायला असेल, तर तेही लिहून द्या. तुम्हाला ते चुगली केल्यासारखं वाटेल. पण आत गेल्यावर दारू एकदम तुटली आणि कोठडीत झटके आले, तर कारण काय हे तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं.

मुलाखतीची पुढची तारीख कधी आहे ते बघा, आणि तो अर्ज आजच लिहायला घ्या.